हे असे नव्हते

मराठी घरात विसराळूपणाला हक्काची जागा आहे. साठी बुद्धी नाठी म्हणत लोक हसतात, आणि आजोबांच्या कपाळावर सरकवलेला चष्मा नातवंडं त्यांना काढून देतात. स्मृतिभ्रंश म्हटला की हेच चित्र आठवतं: नावं सुटत जातात, मग चेहरे, मग घरचा रस्ता. अशा माणसाबद्दल आपल्याला कणव वाटते आणि ती सहज वाटते.

पण माणूस काहीच विसरलेला नसेल तर? एटीएमचा पिन पाठ आहे, मुलांचे वाढदिवस ठाऊक आहेत, गाडीही नीट चालवतोय. आणि तरी बावन्न-त्रेपन्न वर्षांचा हा मितभाषी गृहस्थ पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलेबी उचलतो. मेव्हण्याच्या दहाव्याला मोठ्यानं विनोद सांगतो. बायको तापानं फणफणलेली असताना तिच्या उशाशी येऊन ‘चहा कधी होणार’ एवढंच विचारतो. याला आपण आजार म्हणत नाही, माणूस बिघडला म्हणतो. वय थोडं जास्त असेल तर म्हातारचळ म्हणतो, पैसे उधळले तर संगत वाईट म्हणतो, आणि शेवटी स्वभावाला औषध नसतं म्हणून विषय संपवतो.

हा माणूस खरोखर बिघडलेला असू शकतो, रंगेलही असू शकतो. पण त्याच्या कपाळामागचा आणि कानशिलांमागचा मेंदू झिजत चाललेला असण्याचीही शक्यता असते. त्या आजाराला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात, थोडक्यात एफटीडी. बहुतेकांना तो पंचेचाळीस ते पासष्ट या वयात गाठतो, म्हणजे घराचे हप्ते चालू असताना, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना, नोकरीत मोठी खुर्ची मिळालेली असताना. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी पाहणीतून आला. ती मोजणीच साठीपासून सुरू होते. हा आजार बऱ्याचदा त्याआधीच येऊन बसलेला असतो.

आजार नवा नाही. प्रागमधले डॉक्टर अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये एकाहत्तर वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत लिहिली. त्याची भाषा ढासळत गेली होती, आणि मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूचा डाव्या कानशिलामागचा भाग आक्रसलेला होता. म्हातारपणी सगळा मेंदू सारखाच सुकतो अशी तेव्हाची समजूत होती. पिक यांचं म्हणणं असं की झीज एकाच जागी होऊ शकते, आणि जागेप्रमाणे माणसाचं काय हरवणार तेही ठरतं. पुढे १९११ मध्ये अशाच मेंदूतल्या पेशींमध्ये गोल गाठोडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली ती आलोइस आल्झायमर यांनी. नाव मात्र त्यांचं दुसऱ्याच आजाराला मिळालं, आणि त्या नावाच्या सावलीत पिक यांचा आजार जवळपास विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एक दुर्मीळ कुतूहल म्हणून पडून राहिला. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अभ्यासकांनी एकत्र बसून निदानाचे निकष लिहिले. ब्रूस विलिसच्या कुटुंबानं फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला हाच आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘डाय हार्ड’ पाहून मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या पिढीनंही हे नाव बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

आजाराच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीत भाषा जाते, आणि तीही वेगवेगळ्या प्रकारे. कुणाला शब्द उच्चारायलाच कष्ट पडतात, तर कुणी अस्खलित बोलतो पण ‘विळी’ म्हटल्यावर विळी म्हणजे काय, असं विचारतो. दुसरीत वागणूक जाते. मला या दुसऱ्या तऱ्हेबद्दल लिहायचं आहे, कारण ती आपल्या एका जुन्या समजुतीला धक्का देते. शरीर आजारी पडतं, बुद्धी आजारी पडते, पण चारित्र्य हे माणसाचं स्वतःचं, कमावलेलं किंवा गमावलेलं असतं, अशी ती समजूत आहे.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी या रुग्णांवर एक प्रयोग केला, तो ऐकताना हसू येतं. रुग्णाला कराओकेवर ‘माय गर्ल’ हे जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं गाणं म्हणायला लावायचं, ते चित्रित करायचं, आणि मग वाद्यांची साथ काढून टाकून त्याचं उघडंबोडकं गाणं त्यालाच पाहायला लावायचं. तुमच्याआमच्यासारख्या माणसाला अशा वेळी भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं. छातीची धडधड वाढते, तळहाताला घाम येतो, चेहरा कुठे लपवावा कळत नाही. एफटीडीच्या रुग्णांमध्ये हे सगळं फार फिकं होतं. मेंदूच्या मध्यभागी, पुढच्या बाजूला, उजवीकडे एक लहानसा पट्टा आहे. ज्याचा तो पट्टा जितका आक्रसलेला, तितकी त्याची लाज कमी भरली. कपाळामागे लाज बाळगणारी जागा असते, आणि ती गेली की लाजही जाते. गाणं आपलंच आहे हे रुग्णाला समजत होतं, बेसूर आहे हेही कदाचित समजत असावं. त्याचं त्याला काही वाटत मात्र नव्हतं.

याच भागात, आणि त्याच्या शेजारी, लांबट चात्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या चेतापेशी असतात. १९२०च्या दशकात व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना त्यांचंच नाव आहे. माणूस, मोठी माकडं, हत्ती, देवमासे अशा मोजक्याच प्राण्यांत त्या ठळकपणे सापडल्या आहेत, आणि हे बहुतेक सगळे कळपात नाती सांभाळून राहणारे प्राणी आहेत. विल्यम सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की एफटीडीत सुरुवातीलाच नेमक्या याच पेशी मोठ्या संख्येनं मरतात. अल्झायमरमध्ये तसं होत नाही. या पेशी नक्की काय काम करतात हे अजून कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यामुळे ‘माणुसकीची पेशी’ वगैरे मथळे छापायची घाई नको. पण आजार कुठून आत शिरतो ते यावरून दिसतं.

आता न्यायाचा प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्मृती-केंद्रातल्या २,३९७ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास छापला गेला. त्यात वागणूक बदलणाऱ्या एफटीडीच्या रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्के जणांच्या हातून आजाराच्या काळात कायदा मोडला गेला होता. अल्झायमरमध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत होतं. दुकानातून वस्तू उचलणं, परक्या बाईच्या अंगचटीला जाणं, भर रस्त्यात लघवीला बसणं असे हे गुन्हे. अशा माणसाला कोर्टात उभं केलं तर काय होईल? आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे पूर्वीचं दंडसंहितेचं कलम ८४, विचारतं की हा माणूस वेडसरपणामुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, समजायला असमर्थ होता का? या कसोटीचं मूळ १८४३च्या इंग्लंडमधल्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. एफटीडीचा रुग्ण या कसोटीवर अनेकदा नापास होतो, म्हणजे शिक्षेला पात्र ठरतो. चोरी करणं चूक आहे का, असं विचारा. हो म्हणेल. का चूक आहे, तेही सांगेल. नियम त्याला पाठ असतो. मात्र तुम्हीआम्ही चोरी करत नाही ते कलम आठवून नव्हे. हात पुढे जायच्या आधीच पोटात काहीतरी आकसतं म्हणून तो थांबतो. रुग्णाचं ते आकसणंच गेलेलं असतं. कायद्याची कसोटी समजण्यावर उभी आहे आणि आजार समज शाबूत ठेवून दुसरंच काही खातो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपण मात्र २०२४ मध्ये कायदे नव्यानं लागू करतानाही गाभा तोच ठेवला.

याचा अर्थ असा घेतला जाईल की उद्या प्रत्येक उद्धट माणूस एमआरआयचा कागद फडकवत येईल. ही भीती खोटी नाही. पण तिचं उत्तर आजाराच्या व्याख्येतच आहे. पंचवीस वर्षं जो बायकोवर हात उगारत आला, त्याला ही सबब नाही. त्याचा तो स्वभावच आहे, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आजाराची खूण वाईट वागण्यात शोधायची नसते, बदलात शोधायची असते. काटकसरी माणूस उधळ्या होतो, हळवा माणूस कोरडा पडतो, नेमस्त माणूस अचकट-विचकट बोलू लागतो, आणि हा बदल महिन्यागणिक वाढत जातो. (काही जण हुबेहूब असे वागतात पण वर्षानुवर्षं तिथेच थांबलेले राहतात, मेंदू झिजत नाही. त्यांचं काय करायचं यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही.)

मग हा बदल मोजायचा कुणी? माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. २०११ मध्ये ठरलेल्या निकषांत सहा लक्षणं आहेत: संकोच सुटणं, निरिच्छता, दुसऱ्याच्या दुःखाबद्दलची कोरडेपणाची वृत्ती, त्याच त्या कृतींचा चाळा, खाण्यातला बदल (गोडाची हाव विशेष), आणि नियोजन करण्याची कुवत जाणं. यातली तीन दिसली तर शंका घ्यायची. सहापैकी शेवटचं लक्षण तेवढं कागद-पेन्सिलीच्या चाचणीत पकडता येतं. बाकीची पाच दवाखान्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे पाहून कळत नाहीत. तो वार-तारीख बरोबर सांगतो, शंभरातून सात-सात वजा करून दाखवतो, सुरुवातीला एमआरआयही बऱ्यापैकी निर्दोष येऊ शकतो. आणि त्याची स्वतःची काहीच तक्रार नसते, कारण आपण बदललो आहोत हे कळण्याची सोयही त्याच झिजलेल्या भागात होती. पुरावा शिल्लक राहतो तो दुसऱ्याच्या आठवणीत. हा माणूस आधी कसा होता, हे ज्याला पाठ आहे तो नातेवाईक हेच इथलं निदानाचं यंत्र.

मोठ्या यंत्रांइतकीच याचीही परीक्षा घेतली गेली आहे. नीना स्ट्रोमिंजर आणि शॉन निकल्स या दोघांनी २०१५ मध्ये मेंदूचे किंवा मज्जातंतूंचे आजार झालेल्या २४८ जणांच्या घरच्यांना विचारलं की तुमचं माणूस अजून तेच वाटतं का? शरीर लुळं करणाऱ्या एएलएसच्या रुग्णांबद्दल घरचे म्हणाले, तोच आहे. अल्झायमरबद्दल म्हणाले, बराचसा तोच. एफटीडीबद्दल म्हणाले, हा दुसराच कोणीतरी आहे. आणि ओळख पुसली जाण्याशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते नैतिक गुण हरवण्याचं. जॉन लॉकपासून आपण ऐकत आलो की माणूस म्हणजे त्याच्या स्मृतींची अखंड साखळी. घरातल्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतात. आपलं नाव विसरलेली आई ही आईच राहते. नाव नीट आठवणारी पण आपण रडत असताना टीव्हीचा आवाज वाढवणारी आई परकी होते.

भारतीय घरात हे यंत्र बहुतेक वेळा बायको असते, आणि तिचं बोलणं आपण पुरावा म्हणून ऐकत नाही, गाऱ्हाणं म्हणून ऐकतो. ‘हे असे नव्हते हो,’ असं ती सासूला सांगते, भावाला सांगते, मग डॉक्टरांना सांगते. तिला मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत: या वयात पुरुषांचं असं होतं, ऑफिसचा ताण असेल, तूच जरा लक्ष देत जा, संसारात एवढं चालायचंच. अमेरिकेतल्या एका चांगल्या केंद्रातल्या पाहणीतही या तऱ्हेच्या जवळपास निम्म्या रुग्णांना आधी नैराश्य वा तत्सम मानसिक आजाराचं लेबल लागलेलं होतं. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत जाण्याआधी देवऋषी, नारायणनागबळी आणि घटस्फोटाचा वकील अशी स्थानकं लागतात. रुग्ण बाई असेल तर गोष्ट आणखी बिनसते. स्वयंपाकातून लक्ष उडालेली, पाहुण्यांसमोर नको ते बोलणारी पन्नाशीतली बाई आजारी असेल हे सुचायच्या आधी ती ‘पाळी जायच्या वयातली’ किंवा ‘अंगात येणारी’ ठरते, आणि तिच्या बाजूनं ‘ही अशी नव्हती’ म्हणणारा नवरा मिळेलच अशी खात्री नाही.

चाचण्यांचाही एक पेच आहे. हे शास्त्र बरंचसं इंग्रजीत घडलं. शब्दांचे अर्थ पुसले जाणाऱ्या तऱ्हेची एक खूण म्हणजे अनियमित स्पेलिंगचे इंग्रजी शब्द रुग्ण अक्षरं जोडून चुकीचे वाचतो. देवनागरीत लिहिलं तसंच बरंचसं वाचलं जातं, त्यामुळे मराठी रुग्ण अर्थ हरवूनही धडाधड वाचत सुटेल आणि आपल्याला काही कळणार नाही. आयसीएमआरनं भारतीय भाषांसाठी स्मृतिभ्रंशाचा चाचणीसंच केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. हा अस्मितेचा मुद्दा करू नये. हा निदान चुकण्याचा मुद्दा आहे.

भारतानं या संशोधनात घातलेली भर मात्र मोलाची आहे आणि ती इथल्या मातीतूनच आली. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठतो, असं २०१३ मध्ये त्यांनी मांडलं, आणि निरक्षर माणसांतही हा फरक दिसला, म्हणजे श्रेय शाळेला देऊन मोकळं होता येत नाही. पुढच्या अभ्यासात आणखी बारकावा निघाला: एफटीडीची वागणूक बिघडवणारी तऱ्हा बहुभाषकांत उशिरा येते, भाषा हिरावणारी तऱ्हा मात्र तशी थांबत नाही. एक भाषा बोलताना दुसरी सतत दाबून ठेवावी लागते, आणि नको तिथे दाबून धरण्याची ही सवय कपाळामागच्या भागाची तालीम घेत असावी, असा यामागचा तर्क आहे. घरी तेलुगू, पेठेत कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणारा सोलापूरकर ही तालीम रोज फुकट करतो. अर्थात उशीर म्हणजे सुटका नव्हे.

सुटका अजून कुणाकडेच नाही. पेशींत साचणारी प्रथिनं सापडली आहेत: कुणात टाऊ, कुणात टीडीपी-४३, क्वचित तिसरंच. जनुकंही सापडली. टाऊचं १९९८ मध्ये, प्रोग्रॅन्युलिनचं २००६ मध्ये. २०११ मध्ये सी-नाइन-ऑर्फ-७२ नावाचं जनुक सापडलं आणि त्यानं एफटीडी आणि एएलएस हे दोन वेगळे मानलेले आजार एकाच घराण्यातले ठरवले. प्रोग्रॅन्युलिनच्या बाबतीत तर गणित सोपं वाटत होतं. जनुकाची एक प्रत निकामी, म्हणून प्रथिन कमी पडतं, मग ते वाढवा. तसं औषध तयार झालं, रक्तातलं प्रथिन खरोखर वाढलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला. प्रथिन वाढूनही आजाराचा वेग कमी झाला नव्हता. अल्झायमरच्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत, कधी कधी वागणं आणखी बिघडवतात. हातात उरतं ते चिडचिड आणि हाव थोडी आवरणारी औषधं, एटीएम कार्ड काढून घेणं, गाडीची किल्ली लपवणं.

याच आजारातून कधी कधी काही उमलतंही, आणि त्या गोष्टी वर्तमानपत्रांना फार आवडतात. कॅनडातल्या अ‍ॅन अ‍ॅडम्स या शास्त्रज्ञ. अपघातात जखमी झालेल्या मुलाच्या शुश्रूषेसाठी काम सोडलं आणि त्या चित्रं काढू लागल्या. १९९४ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मॉरिस रॅव्हेलच्या ‘बोलेरो’चं चित्र काढलं. संगीताच्या प्रत्येक मात्रागटाला एक उभा चौकोन, आवाज वाढेल तशी उंची वाढत जाते, आणि सारं चित्र एकाच शिस्तीत पुढे सरकत राहतं. ३२६व्या गटावर संगीताची पट्टी बदलते तिथे एकदम नारिंगी-गुलाबी रंग फुटतात. काही वर्षांनी त्यांची वाचा जाऊ लागली. भाषेचा आजार तेव्हा उघड झाला, पण मेंदूच्या चित्रांवरून वाटतं की तो आतून आधीच सुरू असावा. आणि त्याच दोन सुरावटी पुन्हा पुन्हा घोळवणारं ‘बोलेरो’ रॅव्हेलनं लिहिलं तेही त्रेपन्नाव्याच वर्षी, १९२८ मध्ये. पुढे त्याचीही भाषा गेली, आणि त्यालाही असाच काही आजार असावा असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. योगायोग विलक्षण आहे. तरी ‘आजारानं दिलेलं वरदान’ हा सूर मला सहन होत नाही. असं उमलणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि बाकीच्यांच्या घरी चित्रं नसतात, दुकानदारांची बिलं असतात.

औषध नाही तर निदानाचा उपयोग काय, असा प्रश्न डॉक्टरही विचारतात. उपयोग त्या घराला आहे. नवरा आपला द्वेष करतो असं मानून झुरणारी बाई आणि नवऱ्याच्या मेंदूचा एक भाग झिजला आहे हे जाणून थकणारी बाई, दोघींचे दिवस सारखेच कष्टाचे असतात, पण त्या एकाच आयुष्यात राहत नाहीत. पहिली स्वतःत खोट शोधत राहते. मुलं बापाशी बोलणं तोडतात. भाऊ वाटणीचा दावा लावतो. निदान झालं तर निदान हे तरी टळतं, आणि बँकेच्या सह्या, गहाणखतं, ओटीपी वेळेत आवरता येतात.

त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. नातेवाईकाला एकटं बसवून दहा मिनिटं नीट ऐकलं तरी पुष्कळ होतं. पूर्वी कसे होते, पहिल्यांदा कधी चमकल्यासारखं झालं, शेवटचं कधी तुम्हाला ‘दमलीस का’ विचारलं होतं? आपल्या ओपीडीत या दहा मिनिटांना ना वेळ आहे ना खोली. एका टेबलाभोवती तीन रुग्ण उभे असतात, पुढचा केसपेपर हातात धरून दारात डोकावत असतो, आणि त्या बाईला हे सगळं नवऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्यासमोर, चारचौघांत सांगावं लागतं. ती म्हणते, ‘तसं काही विशेष नाही, थोडे चिडचिडे झालेत.’ डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतात.